ठिपका आणि फोरसाइट

चाकण,
८ जून २०२५

आदरणीय रंभाताई,

पिस्तुलावर बसवलेल्या काचेच्या पुढच्या अंगाला काळी पट्टी चिकटवली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले, तर उजव्या डोळ्याला फक्त लाल ठिपका दिसतो आणि डाव्या डोळ्याला फक्त टार्गेट. तरीही ठिपका टार्गेटवर बसलेला दिसतो. मग तो तसा बसलेला नेमका कोणाला दिसतो? मला याचं उत्तर येत नाही. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, वर्षभर याच ठिपक्याचं काम करते, तरी येत नाही. आमच्या गणराज सरांना विचारलं तर म्हणाले, "अंजली, आपण काच विकतो. मेंदूची चौकशी दुसऱ्या दुकानात कर."

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे विसरलेले नाही. ही नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्या निगडीच्या नेमबाजीच्या रेंजवर आले होते. तुम्ही रविवारच्या सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "आंधळ्यांच्या काठ्या करायच्या कारखान्यात लागली ही. आता इथे यायचं काम नाही." पेढा मात्र घेतलात. फोन तुम्ही उचलत नाही. पत्र निदान फाडायच्या आधी एकदा डोळ्याखालून घालाल, अशी आशा आहे.

तुम्ही आम्हाला शिकवलं ते असं: मागची खाच, नळीच्या टोकावरची फोरसाइट आणि समोरचं टार्गेट, या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात. डोळा एका वेळी एकच स्वच्छ बघू शकतो. तेव्हा फोरसाइट बघायची आणि टार्गेट धूसर होऊ द्यायचं. "टार्गेट कुठे पळून जात नाही, पळते ती फोरसाइट," असं तुम्ही मागे उभं राहून म्हणायचात. शाळेपासून मी धूसर टार्गेटवरच मारत आले.

इथे पहिल्या दिवशी सरांनी एक साइट, म्हणजे नेम धरायची ही काच, शिकंज्यात पकडून माझ्यासमोर ठेवली. समोरच्या भिंतीवर एक फुली होती. फुली स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावर ठिपकाही स्वच्छ दिसत होता. मी डोकं डावीकडे नेलं. ठिपका काचेच्या कडेला सरकला, पण भिंतीवर त्याच फुलीवर राहिला. उठून भिंतीशी गेले, फुलीवर तळहात ठेवला. हातावर लाल काहीच नाही. काचेच्या पुढून बघितलं, तिथूनही काही नाही. खालच्या बारीक दिव्याचा उजेड काचेवर आपटून फक्त बघणाऱ्याच्या डोळ्याकडे परत येतो, आणि इतका सरळ येतो की डोळ्याला वाटतं, हा फार लांबून आला. पुढे तो जातच नाही. त्या दिवशी मला डबा खायचं सुचलं नाही. घरी पप्पांना सांगितलं. सारी नोकरी प्रेस शॉपमध्ये केलेला माणूस, शांतपणे ऐकून म्हणाले, "एवढी मोठी शेड, आणि बनतं काय, तर टिकली."

पत्र लिहायचं खरं कारण निगडीतली आपली योगिनी. तिची नेमणूक तुमच्याच पोलीस प्रशिक्षण केंद्रात झाली हे तुम्हाला माहीतच आहे. ती सांगत होती की ऑगस्टमध्ये नेमबाजी शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्या उस्तादांचं फायरिंग आहे, आणि जो पास होणार नाही त्याला फायरिंग लाइनवरून काढून ऑफिसात बसवणार. त्याच सुमारास आमच्या साइटची तुमच्याकडे चाचणीही आहे. तुम्ही एकदा त्या काचेतून बघा, एवढंच मागणं. मी आणखी एक गोष्ट बघितली आहे, पण ती या पत्रात लिहीत नाही.

तुमची,
अंजली

चाकण,
२९ जून २०२५

आदरणीय रंभाताई,

योगिनीकरवी निरोप मिळाला. "तिला म्हणावं, शाई वाचव." म्हणजे पत्र पोचलं आणि वाचलंही गेलं. मला तेवढं पुष्कळ आहे.

तुम्ही हसाल असं काहीतरी सांगते. गेल्या आठवड्यात मी एक अख्खा ट्रे नापास केला. माझं काम तेच आहे. प्रत्येक साइट शिकंज्यात धरायची, भिंतीकडे बघायचं आणि ठिपका गोल आहे का ते सांगायचं. त्या ट्रेमधला एकही ठिपका गोल नव्हता. प्रत्येकाला डावीकडे खाली शेपूट होतं, चिरडलेल्या डासासारखं. मी लाल पट्ट्या लावल्या आणि सरांना अभिमानाने सांगितलं की दिव्यांची नवी खेप खराब आली आहे. पुरवठादाराला फोन गेला, मालाची गाडी थांबली.

मग सरांनी साइटमागे कॅमेरा लावला. पडद्यावर ठिपका आला तो पूर्ण गोल, मोहरीच्या दाण्यासारखा. दुसरी साइट लावली, तीही गोल. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. सर रागावले नाहीत. म्हणाले, "आता तू बघ. आणि बघता बघता मान वाकडी कर." मी मान उजव्या खांद्याकडे झुकवली. ठिपक्याचं शेपूटही माझ्याबरोबर फिरलं. डावीकडे झुकवली, तर तेही डावीकडे आलं. शेपूट काचेत असतं तर जागचं हललं नसतं.

"शेपूट तुझ्या डोळ्याचं आहे," सर म्हणाले. "जा, डोळे तपासून ये. आणि त्या पुरवठादाराला सॉरीचा फोन तूच कर."

चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या डोळ्याची पुढची काच सगळीकडे सारखी गोल नाही, एका बाजूला किंचित जास्त वळलेली आहे. जन्मापासून असणार. ताई, मी इतकी वर्षं तुमच्याकडे नेम धरला, दोन मेडल घरी नेली आणि मला हे कळलं नाही, कारण फोरसाइट म्हणजे काळी जाड पट्टी. तिची कड थोडी फाटली तरी काम भागतं. या बारक्या ठिपक्याने मात्र पहिल्या दमात सांगून टाकलं. मी जग जसं बघत होते तसं ते नव्हतं. रस्त्यावरचे दिवे, चंद्र, दिवाळीतल्या पणत्या, या सगळ्यांना माझ्यापुरतं एक शेपूट होतं आणि मला वाटायचं, उजेड असाच असतो.

चष्मा लावून शेडमधून बाहेर आले तेव्हा समोरच्या कंपनीच्या गेटवरचा दिवा बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. वॉचमनने विचारलं, "ताई, काय हरवलं का?"

चष्म्याला पहिले चार दिवस फार लाजले. शेडमधली नेहा अजून मला "क्वालिटी मॅडम" म्हणून डास मारल्याची टाळी वाजवते. पण लाजेने माझ्या डोळ्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो काचेने.

तुमची,
अंजली

चाकण,
२० जुलै २०२५

आदरणीय रंभाताई,

शुक्रवारी आम्ही साइट दाखवायला तुमच्या केंद्रात आलो, तेव्हा तुम्ही मला ओळख दिली नाही. बरोबर आहे, मी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आले होते. आम्हाला लाल दोरीच्या अलीकडे बसवलं होतं आणि शस्त्राला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. आयुष्यात पहिल्यांदा मी रेंजवर नुसती बसून राहिले.

दत्तोबाकाका हवालदारांचं तुम्हीही बघितलंत. खाच-फोरसाइटच्या लोखंडी साइटवर तुमच्या केंद्रात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस कमी असेल. त्यांच्या हातात ठिपकावालं पिस्तूल दिलं. त्यांनी उचललं, काचेत बघितलं, ठिपका नाही. नळी वर केली, नाही. खाली केली, नाही. लोक घाटात मोबाइलला रेंज शोधतात तसं चाललं होतं. शेवटी पिस्तूल खाली धरून मागे न वळता म्हणाले, "मॅडम, तुमचा ठिपका रजेवर गेलाय."

सगळे हसले. गणराज सरांचा चेहरा मात्र पडला. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलंय की ही साइट कोणीही लगेच वापरू शकतो. एकामागून एक जुने लोक आले आणि सगळे ठिपका शोधत राहिले. लोखंडी साइट चुकीची धरली तरी दिसते, चुकलेली दिसते आणि आपण सावरून घेतो. ठिपक्याचं तसं नाही. हात सरळ आला नाही तर तो मुळी दिसतच नाही.

मग योगिनी आली. तिने उचललं आणि मारलं. परत उचललं, परत मारलं. शोधणं नाही, डोलणं नाही. तुमच्या केंद्राच्या निकम साहेबांनी विचारलं, "हिने आधी वापरलंय का हे?" ती म्हणाली, "नाही सर. रंभाताईंनी डोळे मिटून शिकवलंय."

ताई, मला तेव्हा कळलं. निगडीत तुम्ही आम्हाला तासभर गोळीशिवाय उभं करायचात. डोळे मिटायचे, पिस्तूल उचलायचं, मग डोळे उघडायचे. फोरसाइट खाचेच्या मधोमध नसेल तर हात नाही हलवायचा, पाय सरकवायचे. पुन्हा मिटायचे. आम्ही कंटाळायचो, मागे तुम्हाला "डोळेमिटू ताई" म्हणायचो. हे तुम्ही लोखंडी साइटसाठी शिकवत होता. पण डोळे मिटून उचललेलं पिस्तूल जिथे येतं तिथेच ठिपका असतो. त्या काचेला हवा असलेला हात तुम्ही आधीच घडवून ठेवला होता. मला खुर्चीत बसवेना.

आता पहिल्या पत्रात टाळलेली गोष्ट. सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही पलीकडच्या टोकाला तुमचं नेहमीचं पिस्तूल घेऊन सराव केलात. मी बघत होते. तुम्ही मान मागे घेता. पूर्वी घेत नव्हता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मी अजून निगडीला येत होते तेव्हा, तिथली ट्यूब दोनदा बदलायला लावलीत, कारण "उजेड पडत नाही." निकालाचा कागद तुम्ही हात लांब करून वाचता. ताई, लांबचं तुम्हाला आमच्यापेक्षा स्वच्छ दिसतं. हाताच्या अंतरावरची फोरसाइट तेवढी दिसत नाही. वय चाळीसच्या पुढे गेलं की सगळ्यांचं होतं, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तुमचं नाव घेतलं नव्हतं.

ठिपका डोळ्याला लांबचा वाटतो. तुम्हाला तो दिसेल.

रागवायचं तर रागवा. पण हे मी दुसऱ्या कोणाशी बोललेले नाही, योगिनीशीही नाही.

तुमची,
अंजली

चाकण,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय रंभाताई,

काल रावेतला न सांगता आले, त्याबद्दल माफी मागत नाही. तुमच्या आई रुक्मिणीबाईंनी दार उघडलं नसतं तर परत गेले असते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी उघडून बघितली आणि आत हाक मारली, "रंभे, ही पोरगी बंदूक घिऊन आलीया." तुम्ही पदर खोचत बाहेर आलात आणि म्हणालात, "प्लास्टिकची आहे आई. निळी. अशीच खेळणी बनवतात हे लोक."

काल काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला ते लिहून बघायचं आहे.

तुम्ही ते काच बसवलेलं निळं नकली पिस्तूल बराच वेळ मांडीवर नुसतं धरून बसलात. मग उठलात, पलंगापलीकडच्या भिंतीसमोर उभ्या राहिलात, पाय रोवलेत आणि डोळे मिटलेत. उचललंत. डोळे उघडलेत.

आईंनी विचारलं, "काय दिसतंया का न्हाई?"

"कॅलेंडरवरची तारीख दिसते," तुम्ही म्हणालात. "आणि तारखेवर ठिपका."

"मग? त्यात काय एवढं?"

"दोन्ही दिसतं आई."

पुन्हा मिटलेत, पुन्हा उचललंत. किती वेळा ते मी मोजलं नाही. मी खिशातली काळी पट्टी काढून काचेच्या पुढच्या अंगाला चिकटवली. तुम्ही म्हणालात, "बंद केलीस की." मी म्हटलं, दोन्ही डोळे उघडे ठेवा. तुम्ही उचललंत, आणि ताई, तुमचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही डावा डोळा झाकून बघितलंत, काळोखात नुसता ठिपका. उघडलात, तारीख परत आली. झाकलात, गेली. लहान मुलगी दिव्याचं बटण खालीवर करते तसं चाललं होतं. मग पिस्तूल खाली घेऊन मला विचारलंत, "हे जोडतं कोण?" मी म्हटलं, तेच तर मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वीस वर्षं मी पोरांना डावा डोळा मिटायला लावला. आणि हा बिचारा एवढं काम करत होता होय."

त्या क्षणी मला वाटलं, झालं. आता फायरिंगचा सोमवार, अठरा तारीख, तुमची.

आणि मग मी ती चिठ्ठीची गोष्ट काढली. निकम साहेबांनी चाचणीसाठी ठरवलेली पद्धत मला माहीत होती: ज्या उस्तादाला ठिपक्यावर फायरिंग द्यायचं असेल त्याने डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, बाकीचे लोखंडीवर देणार. मी म्हटलं, चिठ्ठी मिळेल, तुमचं लांबचं तर उत्तम आहे. तुमचा चेहरा बंद झाला.

"म्हणजे सगळ्या उस्तादांत एकटीने हात वर करायचा."

"त्यात कमीपणा काय आहे, ताई?"

"तुला चष्मा लागला तर शेडमध्ये टाळ्या वाजवतात. मला लागला तर काय वाजवतील, माहितीये? मी या लाइनवर आले तेव्हा बाई उस्ताद म्हणून हसलेले निम्मे लोक अजून तिथेच आहेत. ते वाटच बघतायत, हिला कधी दिसेनासं होतं त्याची."

"पण लोखंडीवर नापास झालात तर?"

"तर नापास होऊन जाईन. सवलत मागून पास होणार नाही."

आईंनी चहा आणला. तो आपण तिघी प्यायलो. जाताना तुम्ही निळं पिस्तूल पिशवीत परत घालून दिलंत. पट्टी मात्र काढून देव्हाऱ्याच्या कडेला चिकटवून ठेवलीत. ते मी बघितलं.

मी इकडे येईपर्यंत तुमच्यावर चिडले होते. घरी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आमच्या शॉपमध्ये बोट गेलेला माणूस हातमोजा घालायचा, मशीनपासून दूर केलं तर काय, म्हणून. सगळ्यांना मोजे घालायचा नियम झाला तेव्हा त्याला हायसं वाटलं." मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "तुझ्या ठिपक्याला काही नियम आहे का तसा?"

तुमची,
अंजली

चाकण,
१३ ऑगस्ट २०२५

आदरणीय रंभाताई,

हे पत्र योगिनीच्या हाती देते आहे, म्हणजे सोमवारच्या आत नक्की पोचेल.

चाचणीचा आराखडा आमच्या कंपनीकडून मी लिहिते आणि निकम साहेब मंजूर करतात. परवा, सोमवारी, मी तो नव्याने लिहिला. चिठ्ठीचं कलम काढलं. त्याऐवजी असं लिहिलं की दत्तोबाकाकांपासून सगळ्यात तरुण उस्तादापर्यंत प्रत्येकाने दोन्ही साइटवर फायरिंग द्यायचं. आधी कोणतं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यावर जास्त गुण येतील ते धरायचे, आणि दोन्हींचे आकडे जसे येतील तसे अहवालात जातील. आधी दोन दिवस सगळ्यांना डोळे मिटून उचलण्याचा सराव द्यायचा, आणि तो द्यायला रंभाताईंना नेमावं, असंही लिहिलं. ते मात्र तुमच्यासाठी नाही लिहिलं. त्या शुक्रवारी मी जे बघितलं त्यानंतर दुसरं काही लिहिणं खोटं झालं असतं.

निकम साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांना दोन्ही? अहो, जवान पोरं लोखंडीवर जास्त मारतील. तुमच्या कंपनीचं काय होईल?"

"मारलं तर तसं लिहू, साहेब."

"चिठ्ठी का काढली?"

"चिठ्ठी असली तर जो आणतो त्याच्याकडेच सगळे बघतात. मग आपण साइट तपासत नाही, माणूस तपासतो."

त्यांनी स्वतःचा चष्मा काढून काचा पुसल्या आणि म्हणाले, "मीही देईन तर. उस्ताद नसलो तरी." तुमचं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही घेतलं नाही. मग त्यांनी खाली सही केली.

सही झाल्यावर गणराज सरांना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी आराखडा माझ्याकडून काढून घेतला असता, हे मला माहीत होतं. ते बराच वेळ बोलले. आपण विकायला चाललोय की हरायला, इथपासून सुरुवात होती. सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांच्या जागी त्यांचंही बरोबर आहे. शेवटी म्हणाले, "आराखडा बदलता येणार नाही, सही झाली. पण रेंजवर तू जायचं नाही. नेहा जाईल." नेहा चांगली मुलगी आहे. तिला एवढंच सांगितलंय की पलीकडच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या बाईंना काही सांगायला जाऊ नको, त्यांना लागणार नाही.

म्हणजे तुम्ही सोमवारी उचलाल तेव्हा मी तिथे नसेन. याचं मला किती वाईट वाटतंय, ते लिहीत नाही. तुम्ही कोणतं आधी उचललंत हेही मला दुसऱ्याच कोणाकडून कळेल.

कोतातून, शस्त्रांच्या कोठीतून, पिस्तुलं निघतील तेव्हा प्रत्येकाच्या टेबलावर दोन असतील. एकावर फोरसाइट, एकावर काच. तुमच्या टेबलावरही आणि तुमच्या शेजारच्या प्रत्येकाच्या टेबलावरही. कोणालाही हात वर करावा लागणार नाही. आज दुपारी त्या सगळ्या काचा मी स्वतः चष्मा लावून तपासल्या, पुसल्या आणि पेटीत भरून केंद्राच्या गाडीत चढवल्या. गाडी गेली.

तुमची,
अंजली